जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार

आमच्या निफाड तालुक्यांतील शेतावर, विहिरीजवळच्या कडुनिंबाखालीं, एक पिकअप मोटार बावीस वर्षें उभी होती. तिच्या हौद्यांत पालापाचोळा सांचला होता, बैठकीवर कोंबड्या अंडीं घालीत, आणि पुढच्या कांचेच्या कोपऱ्यांत चिमण्यांनीं घरटें केलें होतें. दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत एक भंगारवाला आला आणि वजनावर तिचा भाव सांगून गेला. रात्रीं जेवतांना वडिलांनीं ती गोष्ट आजोबांच्या कानांवर घातली. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विकायची तर विका. पण एकदां ती उघडून, कशी चालते तें मला पोरांना दाखवूं द्या, मग न्या." आजोबांचे हात अलीकडे कांपूं लागले होते. त्यांना जें ठाऊक होतें तें घरांत दुसऱ्या कोणासहि ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवशीं भंगारवाल्यास नकार कळविला. तें जें उघडण्याचें काम सुरू झालें, तें वीस महिने चाललें.

या कामांत आम्ही जें शिकलों तें विद्यार्थिवर्गाच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहों. जुनी गाडी नवी कशी दिसूं लागते हें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. ती पुन्हां विश्वासास पात्र कशी होते हें सांगावयाचें आहे. या दोहोंत किती अंतर आहे तें आम्हांस उशिरां कळलें, आणि कळलें तें आमच्याच चुकीमुळें.

पिकअप म्हणजे पुढें माणसांची बैठक व मागें उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. मोटारी नव्या होत्या त्या काळीं अमेरिकेंतील कित्येक शेतकरी आपल्या मोटारीचा मागील भाग काढून तेथें लांकडी पेटी बसवीत व तींतून धान्य, भाजी, दुधाचे हंडे नेत. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीवर कारखान्यांतच हौदा बसविला आणि ती २८१ डॉलर किंमतीस विकावयास काढली. आमची पिकअप मात्र जीपच्या वंशांतली. दुसऱ्या महायुद्धांत जीपनें नांव मिळविलें. तिच्याच यंत्रसामग्रीवर १९५६ सालीं अमेरिकेंत ‘फॉरवर्ड कंट्रोल’ नांवाची पिकअप निघाली. तिचा आकार ब्रुक्स स्टीव्हन्स या आरेखकानें योजिला होता. तिच्या ‘एफ-सी १५०’ या लहान प्रकारांत पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर अवघें ८१ इंच होतें. एवढ्या आंखूड गाडीस मोठा हौदा देण्याकरितां चालकास इंजिनाच्या मागें न बसवितां अगदीं पुढें बसविलें. त्यामुळें इंजिन दोन बैठकींच्या मधोमध, एका लोखंडी झांकणाखालीं येतें. अमेरिकेंत या गाड्या १९६५ पर्यंत निघाल्या; आपल्याकडे महिंद्रा कंपनीनें त्या पुढेंहि बनविल्या. आजोबांनीं अशीच एक वापरलेली गाडी घेतली व लासलगांवच्या बाजारांत कांद्याच्या गोण्या नेण्यास लाविली. पुढें मोठा ट्रक भाड्यानें मिळूं लागला, आणि ही कडुनिंबाखालीं जाऊन उभी राहिली.

पहिल्या दिवशीं आम्ही पाने व हातोडी घेऊन गेलों तों आजोबांनीं आम्हांस परत पाठविलें आणि एक वही व पेन्सिल आणावयास सांगितलें. कोणताहि भाग काढण्यापूर्वीं त्याचें चित्र काढावयाचें, तो कोठून काढला, कोणत्या क्रमानें काढला, तें लिहावयाचें, आणि त्याचे नट-बोल्ट त्याच्याच नांवाच्या डब्यांत ठेवावयाचे, हा त्यांचा पहिला नियम. ही वही आमच्या ताईकडे आली. डबे सांभाळण्याचें काम सात वर्षांच्या धाकट्या बहिणीनें मागून घेतलें. वडिलांकडे इंजिन, काकांकडे पत्रा व जोडकाम, आई व काकू यांच्याकडे बैठकीची शिवण व खर्चाचा हिशेब, आणि थोरला चुलतभाऊ म्हणजे दादा व आम्ही यांच्याकडे घासणें, पुसणें व ब्रेक, अशी वांटणी झाली. आजीनें कोणतेंच काम घेतलें नाहीं. परंतु काम केव्हां थांबवावयाचें हें तीच ठरवी.

प्रथम गंजाचा विचार करावा लागला. लोखंडास हवेंतील प्राणवायु व पाणी दोन्ही मिळालीं म्हणजे गंज होतो. ॲल्युमिनियमवर जो भस्माचा थर बसतो तो घट्ट असतो व आंतील धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नाहीं. तो सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, पापुद्रे होऊन गळतो, आणि पुन्हां आंतील ताजें लोखंड उघडें पडतें. म्हणून गंजावर रंग देणें म्हणजे रोग झांकणें होय. काकांनीं हातोडीनें सांगाड्यावर हळूहळू ठोकून पाहिलें. जेथें लोखंड निरोगी तेथें नाद खणखणीत येई. जेथें पोखरलेलें तेथें आवाज बद्द येई. अशा ठिकाणीं त्यांनीं खडूनें खुणा केल्या, तेवढे तुकडे कापले व नवे जोडले. जोडकामापूर्वीं पेट्रोलची टाकी व बॅटरी काढून दूर नेली होती. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून कमी धोक्याची असते असें पुष्कळांस वाटतें. पण आंत उरलेली पेट्रोलची वाफ ठिणगीनें भडकते, हें ध्यानांत ठेवावें.

लहान भागांचा गंज काढण्याची एक युक्ति आम्हीं केली. ती शाळेंत विद्युत्-विच्छेदनाचा धडा शिकलेल्या मुलांस आवडेल. प्लास्टिकच्या बादलींत पाणी घेऊन त्यांत धुण्याचा सोडा विरघळविला. गंजलेला भाग बॅटरी भारणाऱ्या यंत्राच्या ऋण तारेस व निरुपयोगी लोखंडाचा एक तुकडा धन तारेस जोडून दोन्ही पाण्यांत, एकमेकांस न लागतील असे टांगले. प्रवाह सुरू होतांच गंजलेल्या भागाभोंवतीं बुडबुडे येऊं लागले. रात्र उलटल्यावर गंज सैल होऊन काळ्या राखेसारखा झाला व ब्रशानें निघाला. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात व तो वायु पेट घेतो; म्हणून हें काम उघड्यावरच करावें, तारा जोडतांना व काढतांना प्रवाह बंद ठेवावा, आणि स्टेनलेस स्टीलचा तुकडा धन बाजूस कधींहि लावूं नये, कारण त्यांतून विषारी द्रव्य पाण्यांत उतरतें.

आतां इंजिनाकडे वळूं. या इंजिनांत चार सिलिंडर असून त्यांचें आकारमान १३४ घनइंच, म्हणजे सुमारें २.२ लिटर आहे. त्याची रचना आजच्या इंजिनांहून निराळी आहे. आजच्या मोटारींत आंत घेण्याच्या व बाहेर टाकण्याच्या दोन्ही झडपा वर माथ्यांत असतात. यांत आंत घेण्याच्या झडपा माथ्यांत, व बाहेर टाकण्याच्या झडपा खालीं ठोकळ्यांत बाजूस आहेत. परंतु मूळ क्रिया तीच: पिस्टन खालीं येतांना हवा व पेट्रोल आंत ओढतो, वर जातांना तें मिश्रण दाबतो, ठिणगीनें तें पेटतांच जोरानें खालीं रेटला जातो, आणि पुन्हां वर जातांना जळका धूर बाहेर घालवितो.

बावीस वर्षांत पिस्टनांभोंवतालच्या कड्या सिलिंडरास गंजून चिकटल्या होत्या. दादा मोठा पाना लावून जोर करूं लागला तेव्हां आजोबांनीं त्याचा हात धरला. जोर केल्यास कडी मोडते व सिलिंडरावर ओरखडा पडतो. मग काम दसपट वाढतें. प्लग काढून त्या भोंकांतून डिझेल व तेल यांचें मिश्रण रोज संध्याकाळीं थोडें थोडें ओतावें व वाट पाहावी, एवढेंच त्यांनीं सांगितलें. अकरा दिवस कांहींहि झालें नाहीं. बाराव्या दिवशीं वडिलांनीं पुढच्या कप्पीस पाना लावून सहज हात दिला, तों ती बोटभर फिरली. त्या बोटभर फिरण्यानें घरांत जो आनंद झाला तो पुढें इंजिन सुरू झालें तेव्हांहि झाला नाहीं.

इंजिन उघडून स्वच्छ केलें, कड्या व गॅस्केट नव्या घातल्या, झडपा घासून त्यांच्या बैठकींत बसविल्या. नंतर सुरू करण्याचा दिवस आला, आणि इंजिनानें बंदुकीसारखे दोन बार काढून कोंबड्यांची दाणादाण उडविली. कारण असें कीं आम्हीं प्लगच्या तारा एक, दोन, तीन, चार अशा सरळ क्रमानें लाविल्या होत्या. चार सिलिंडर एकामागून एक पेटल्यास दांड्यास विषम झटके बसतात; म्हणून ठिणगीचा क्रम ठरलेला असतो. या इंजिनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. ताईनें वही उघडून दाखविली. तारा काढण्यापूर्वीं तिनें तो क्रम बरोबर लिहून ठेवला होता. आम्हींच वही न पाहतां तारा लाविल्या होत्या. आजच्या पेट्रोलविषयींहि येथें एक सूचना करावीशी वाटते. आपल्या देशांत २०२५ सालीं पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण गांठलें गेलें. जुन्या काळच्या रबरी नळ्या व बुचाचे पडदे यांस इथेनॉल सोसत नाहीं. तें हवेंतील पाणीहि ओढून घेतें. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या, आणि गाडी फार दिवस उभी राहावयाची असल्यास टाकी रिती करावी.

यानंतर ब्रेक. ब्रेकचें पेडल दाबलें म्हणजे चारहि चाकें आवळलीं जातात, यांत फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचा सिद्धांत आहे: कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब त्यांत सर्वत्र सारखा पोंचतो. पेडलानें मुख्य सिलिंडरांतील तेलावर दाब येतो. तो नळ्यांतून प्रत्येक चाकांतील लहान सिलिंडरांत जातो आणि तेथील पिस्टन ब्रेकच्या पट्ट्या बाहेर ढकलून ड्रमवर दाबतात. तेल गळूं नये म्हणून प्रत्येक पिस्टनाशीं वाटीच्या आकाराचें एक रबर असतें. आमच्या गाडींत हा तेलाचा मार्ग एकच आहे. आजच्या मोटारींत तो दोन भागांत विभागलेला असतो. एक फुटला तरी दुसरा काम देतो. एकेरी मार्गांत मात्र कोणत्याहि एका चाकाची रबरी वाटी फाटली तर चारहि चाकांचे ब्रेक जातात. म्हणून आजोबांनीं आम्हांस बजावून सांगितलें होतें कीं रबरें चारहि चाकांचीं बदला. चांगलीं दिसलीं तरी बदला.

या कामांत आणखी दोन गोष्टी पाळाव्या लागतात. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ती फुंकूं नये, झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें पिशवींत बांधून टाकावें. दुसरें असें कीं इंजिनाचें तेल किंवा रॉकेल ब्रेकच्या रबरास लागूं देऊं नये. रबर फुगून निकामी होतें. ब्रेकचें तेल निराळें असतें. तें ओलावा शोषतें, म्हणून उघडी राहिलेली बाटली वापरूं नये.

रबरें वडिलांनीं मुंबईस जाऊन कुर्ल्याच्या बाजारांतून आणिलीं. दादानें व आम्हीं तीन चाकें उघडून तीं बसविलीं. मागचें डावें चाक राहिलें. त्याचा ड्रम गंजून घट्ट बसला होता. तीन संध्याकाळ खटपट करून तो निघाला तेव्हां आंतील सिलिंडर कोरडा व स्वच्छ दिसला. दिवाळी जवळ आली होती. काका रंगाची तयारी करून बसले होते. "हा चांगलाच आहे," असें आम्ही एकमेकांस म्हणालों, चौथ्या चाकाचीं नवीं रबरें डब्यांत ठेविलीं आणि ड्रम परत बसविला. ताईनें वहींत लिहावयास विचारलें तेव्हां आम्हीं सांगितलें, "चारहि झालीं."

रंगाचें काम काकांनीं मन लावून केलें. जुना रंग ओला करून घासला, कारण जुन्या रंगांत शिसें असूं शकतें व त्याची कोरडी धूळ पोटांत जाऊं नये. उघड्या पत्र्यावर प्रायमर, खळग्यांत लांबी, पुन्हां घासणें, पुन्हां प्रायमर, आणि मग रंगाचे पातळ हात. मूळ फिकट हिरवा रंग दाराच्या आंतल्या बाजूस सांपडला होता, तोच मिळविला. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीं गाडी तयार झाली. गांवांतील चार माणसें पाहावयास आलीं व शाबासकी देऊन गेलीं. ती शाबासकी आम्हींहि घेतली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादानें गाडी सुरू केली. शेजारीं आजोबा बसले. आम्ही हौद्यांत उभे होतों. शेडपासून अंगणापर्यंत उतार आहे. पहिल्यांदा पेडल दाबलें तेव्हां गाडी नीट थांबली. अंगणाजवळ येतां दुसऱ्यांदा दाबलें, आणि तें सरळ तळाशीं गेलें. पुढें अंगणांत धाकटी बहीण आमच्याकडे पाठ करून रांगोळीचे ठिपके मांडीत होती. दादाच्या तोंडून शब्द फुटेना. आजोबांनीं एका हातानें हातब्रेकचा दांडा धरून ओढला. गाडी गचका खाऊन थांबली. पुढचें चाक ठिपक्यांच्या पहिल्या ओळीवर होतें.

या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसून मागच्या चाकांकडे शक्ति नेणाऱ्या दांड्यावर असतो, आणि तेलाशीं त्याचा कांहीं संबंध नसतो. सर्व कामांत तेवढा एकच भाग आजोबांनीं स्वतःच्या कांपत्या हातांनीं, आणि सर्वांच्या आधीं, दुरुस्त केला होता. तेव्हां आम्हीं त्यास त्यांचा हट्ट समजलों होतों.

ते खालीं उतरले व गाडीभोंवतीं फिरले. मागच्या डाव्या चाकाशीं ते थांबले. ब्रेकचें तेल रंगास खातें. ड्रममधून ओघळलेल्या तेलानें चाकाच्या नव्या रंगास फोड येऊं लागले होते. आजोबांनीं विचारलें, "हें उघडलें होतें का रे?" उघडलें होतें, पण बदललें नव्हतें; आणि बदललें असें सांगितलें होतें. दादानें मान खालीं घातली. उत्तर आम्हींच दिलें. आम्हांस वाटलें होतें कीं आतां रागें भरतील, पण ते एवढेंच म्हणाले, "गाडीला खोटें कळत नाहीं. तुम्हीं जें केलें तेवढेंच तिला ठाऊक." आजीनें निकाल दिला कीं चारहि चाकें पुन्हां उघडून ती स्वतः समक्ष पाहीपर्यंत त्या गाडींत कोणीहि बसावयाचें नाहीं. त्या दिवाळींत आमच्या घरीं फराळ झाला, दिवे लागले, परंतु गाडीवरचें कापड कोणीं काढलें नाहीं.

सुटी संपण्यापूर्वीं आम्हीं चारहि चाकें उघडलीं. डाव्या चाकांतील जुनें रबर कडेला फाटलें होतें. जें रबर बाहेरून कोरडें व धड दिसलें होतें तें बावीस वर्षांत कडक झालें होतें आणि नवा दाब पडतांच चिरलें होतें. नवीं रबरें घातलीं, नळ्याहि नव्या घातल्या. मग मार्गांतील हवा काढली. हवा दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं; म्हणून हवेचा एक बुडबुडाहि राहिला तर पेडल मऊ लागतें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें चाकाशीं असलेलें तोटीचें तोंड किंचित् उघडून लगेच बंद करावें, मग पहिल्यानें पाय सोडावा, असें सर्वांत दूरच्या चाकापासून सुरू करून जवळच्या चाकापर्यंत यावें लागतें. "दाब!" "धरलें!" "सोड!" अशा आमच्या हांकांनीं चार संध्याकाळ शेत दुमदुमलें. आजी खुर्ची टाकून बसली होती.

वहीचा नियमहि त्या दिवसापासून बदलला. प्रत्येक कामापुढें आतां दोन सह्या असतात: एक करणाराची, एक पाहणाराची. "चारहि झालीं" ही ताईच्या अक्षरांतली ओळ आम्हीं खोडली नाहीं. तिच्याखालीं खरी तारीख घालून दोन सह्या केल्या. चाकावरील रंगाचे फोड काका पुसावयास निघाले होते. तेहि दादानें राहूं दिले.

पौष महिन्यांत काम पुरें झालें. नोंदणी, योग्यतेची तपासणी, विमा व धुराची तपासणी यांचे सोपस्कार पूर्ण होईपर्यंत गाडी शेताच्या हद्दीबाहेर नेत नाहीं. हद्दीच्या आंत मात्र ती कांदा चाळीपर्यंत वाहते. भंगारवाल्यानें सांगितलेल्या किंमतीच्या कित्येक पट खर्च झाला हें आईच्या हिशेबावरून उघड आहे, आणि कोणीं पैशांच्या लाभाकरितां हें काम हातीं घेऊं नये. पण आजोबांच्या हातांतील विद्या आतां घरांतील पांच माणसांच्या हातांत आहे, व एका वहींत लिहिलेली आहे.

ज्या पालकांच्या घरीं एखादें जुनें यंत्र, मग तें शिवणयंत्र असो, सायकल असो कीं पाण्याचा पंप असो, कोपऱ्यांत पडलेलें असेल, त्यांस आमची विनंति आहे कीं तें विकण्यापूर्वीं एकदां मुलांसमक्ष उघडावें आणि घरांतील वडील माणसांस शेजारीं बसवावें. आणि आमच्या सोबत्यांस एवढेंच सांगणें आहे कीं रंग सर्वांत शेवटीं द्यावा, आणि जें झालें नाहीं तें झालें म्हणून लिहूं नये. रांगोळीच्या त्या पहिल्या ओळीवर उमटलेला चाकाचा ठसा आजीनें दुसऱ्या दिवशीं सारवून टाकला. आमच्या डोळ्यांपुढून तो अजून गेलेला नाहीं.